मंडपातल्या एलईडी वॉलवर चित्र मागे पडतंय? आधी मधला लॅपटॉप काढा

सप्ताहाचा तिसरा दिवस. रात्रीचं कीर्तन रंगात आलं होतं. महाराजांनी चाल धरली आणि मागचे वीस-बावीस टाळकरी एका ठेक्यात आले. मी मंडपाच्या मधोमध, कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर जायचं ते निवडणाऱ्या स्विचरपाशी बसलो होतो. कानावर टाळ पडला, समोर मंचावर हात एकमेकांना भिडलेले दिसले, आणि डाव्या बाजूच्या एलईडी वॉलवर तेच हात अजून फाकलेलेच होते. पाव सेकंदाने ते भिडले. पुढच्या ठेक्याला पुन्हा तसंच. एकदा हे दिसलं की नजर तिथून हलत नाही.

कीर्तन संपल्यावर मृदंगवाले मामा खाली आले. मंचावरच्या मंडळींना दिसावं म्हणून आम्ही समोर एक टीव्ही ठेवला होता, त्यावरही हेच चित्र जात होतं. मामा म्हणाले, "दादा, तो टीव्ही तेवढा बंद ठेवा. हात माझाच दिसतो, पण थाप नंतर पडते. माझी लय हलायला लागते." वाजवणाऱ्याची लय आपल्यामुळे हलावी, ही गोष्ट मला झोपू देईना. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मंडपात बसून सगळी साखळी उलगडून पाहिली. त्यानंतरच्या हंगामात हीच अडचण घेऊन ओळखीच्या तिघांचे फोन आले. एकाकडे कुस्तीचं मैदान होतं, एकाकडे लग्न, एकाकडे शाळेचं गॅदरिंग. तिघांचं दुखणं जवळपास एकाच जागी निघालं. म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे मोजा. "थोडा लॅग आहे" एवढ्यावर कुठलीच दुरुस्ती होत नाही. एलईडीवाला म्हणतो कॅमेऱ्याचा आहे, कॅमेरावाला म्हणतो वॉलचा आहे, आणि दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. मोबाइलचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा. मंचावर एकाला टाळी वाजवायला उभं करा आणि अशा जागी थांबा की तो माणूस आणि वॉल दोन्ही एकाच चौकटीत येतील. आठ-दहा टाळ्यांचं रेकॉर्डिंग घ्या. मग क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. खरे हात भिडले ती फ्रेम आणि वॉलवर हात भिडले ती फ्रेम, यांच्यामध्ये किती फ्रेम गेल्या ते मोजा. २४० च्या वेगाला एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. एकाच टाळीवर विसंबू नका, चार-पाच मोजून सरासरी काढा. कॅमेरा आणि वॉल दोघंही ठरावीक टप्प्यानेच चित्र बदलतात, त्यामुळे पाच-सात फ्रेमचा फरक पडतोच. काही जण मोबाइलवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर धरतात. तेही चालतं. मात्र मोबाइलचा स्क्रीन स्वतः सेकंदाला ६० वेळाच बदलत असेल, तर त्यातच सोळा-सतरा मिलिसेकंदांची चूक असते हे लक्षात ठेवा.

आमचं त्या रात्रीचं माप ५८ फ्रेम आलं, म्हणजे २४२ मिलिसेकंद.

हा आकडा किती वाईट, ते समजायला एक मोजपट्टी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीत असं दिलंय की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला ते जाणवायला लागतं आणि ९० च्या पुढे ते सहन होत नाही. आवाज मागे राहिला तर मात्र १२५ पर्यंत जाणवत नाही आणि १८५ पर्यंत चालून जातं. या दोन बाजू सारख्या का नाहीत, ते गावातल्या कुणालाही विचारा. लांबच्या शेतात कोणी कुऱ्हाड चालवत असेल तर घाव आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो. मागाहून येणाऱ्या आवाजाची आपल्या डोक्याला जन्मापासून सवय आहे. आवाज आधी आणि घाव नंतर, असं जगात कुठेच घडत नाही. मंडपातली वॉल नेमकं तेच करते.

आता हे २४२ गेले कुठे? आमची साखळी अशी होती. मिररलेस कॅमेरा, त्याच्या एचडीएमआयला एसडीआय (लांब पल्ल्याची व्हिडिओ केबल) कन्व्हर्टर, पस्तीस मीटर केबल, परत कन्व्हर्टर, मग छोटा चार इनपुटचा स्विचर. स्विचरच्या यूएसबीतून चित्र लॅपटॉपमध्ये ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरला. ओबीएसमध्ये खाली अभंगाच्या ओळी चढवायच्या आणि लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून फुलस्क्रीन प्रोजेक्टर (चित्र पूर्ण पडदाभर बाहेर देण्याचा ओबीएसमधला पर्याय) लावून ते चित्र स्प्लिटरमार्गे वॉलच्या प्रोसेसरला (आलेलं चित्र वॉलवर मांडणारं यंत्र) आणि मंचासमोरच्या टीव्हीला. त्याच ओबीएसमधून युट्यूबलाही लाइव्ह चालू.

सगळ्यांचा पहिला संशय केबलवर आणि कन्व्हर्टरवर जातो. पस्तीस मीटर तारेतून सिग्नल जायला लागणारा वेळ मिलिसेकंदाच्या हिशोबात शून्यच धरा. साधा एसडीआय-एचडीएमआय कन्व्हर्टर फ्रेम साठवत नाही, आली तशी ओळीमागून ओळ पुढे ढकलतो. तोही निर्दोष. वेळ खातं ते यंत्र, जे आख्खी फ्रेम हातात घेतल्याशिवाय पुढे देत नाही. ५० फ्रेमला अशा प्रत्येक थांब्याचे २० मिलिसेकंद, २५ फ्रेमला ४०. त्यामुळे साखळीत असे थांबे किती, एवढंच शोधायचं.

मी एकेक तुकडा वगळून मोजत गेलो. कॅमेऱ्याचं एचडीएमआय थेट वॉलच्या प्रोसेसरला लावलं, माप घेतलं. मग मध्ये स्विचर घातला, पुन्हा माप. मग लॅपटॉप घातला. पहिल्या जोडणीत शंभरच्या आसपास, स्विचर घातल्यावर त्यात वीस-पंचवीसची भर, आणि लॅपटॉप मध्ये येताच एकदम सव्वाशेच्या जवळ वाढ. म्हणजे निम्मा डिले एकट्या लॅपटॉपच्या फेऱ्यात होता. यात लॅपटॉपच्या ताकदीचा प्रश्न नाही. यूएसबीवरून चित्र घेताना कॅप्चर बफर भरतो, ओबीएस आपल्या चक्रात ते चित्र रंगवतो, विंडोज ते पुन्हा आपल्या चक्रात पडद्यावर मांडतो आणि ग्राफिक्स कार्ड आपल्या चक्रात बाहेर सोडतं. प्रत्येकजण एक-दोन फ्रेम धरून ठेवतो. महागडा लॅपटॉप आणला तरी हे थांबे राहतातच.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय: लोकांसमोरच्या पडद्याला जाणारं चित्र संगणकातून फिरवून आणू नका. वॉलला स्विचरच्या प्रोग्राम आउटमधून (निवडलेलं अंतिम चित्र जिथून बाहेर पडतं तिथून) थेट वायर. लॅपटॉप राहील, पण फक्त युट्यूबच्या वाटेवर. तिथे पाहणाऱ्याला पंधरा-वीस सेकंद उशिराच दिसतंय, त्यात हे सव्वाशे मिलिसेकंद कुणालाही कळणार नाहीत.

इथे दोन अडचणी आडव्या येतात. बहुतेक जण त्यांच्यामुळेच लॅपटॉपच्या फेऱ्यात सापडलेले असतात.

एक म्हणजे आउटपुट कमी पडतात. ॲटेम मिनी प्रोसारख्या स्विचरला एचडीएमआय आउट एकच असतं. ऑपरेटरला सगळे कॅमेरे दिसायला हवेत म्हणून तो त्यावर मल्टिव्ह्यू लावतो आणि वॉलसाठी यूएसबीची वाट धरतो. हे उलटं करा. एचडीएमआयवर प्रोग्राम लावून तो वॉलला द्या. ऑपरेटरसाठी लूप-आउट असलेले छोटे फील्ड मॉनिटर प्रत्येक कॅमेऱ्याच्या वायरीत घाला. कॅमेऱ्यातून मॉनिटरमध्ये आणि मॉनिटरच्या लूपमधून स्विचरमध्ये. चित्र तसंच पुढे जातं, आणि कॅमेरावाल्याने फोकस सोडला तर तुम्हाला आधी कळतं. पाच इंची मॉनिटर तीन घेतले तरी पुरतात. दिवसा उन्हात काम असेल तर मात्र हजार निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचं माप) खालचा मॉनिटर घेऊ नका. चारशे-पाचशे निट्सच्या मॉनिटरवर उन्हात स्वतःचाच चेहरा दिसतो. पैसे घालायची तयारी असेल तर दोन एचडीएमआय आउट असलेला ॲटेम मिनी एक्स्ट्रीम हा सरळ मार्ग आहे, एकावर प्रोग्राम आणि एकावर मल्टिव्ह्यू. डिले कुणीतरी सोसायचाच असेल तर तो आपण सोसावा, समोर बसलेल्या माणसाने नव्हे.

दुसरी अडचण अभंगाच्या ओळींची. त्या लॅपटॉपवरच बनतात, आणि त्या वॉलवर दिसल्या तरच मागच्या लोकांना म्हणता येतात. त्या काढून टाका असं मी म्हणणार नाही, कारण ओळी समोर असल्या की अख्खा मंडप म्हणायला लागतो, हे मी रोज पाहतो. फक्त वाट बदला. लॅपटॉपचं एचडीएमआय स्विचरच्या एका इनपुटला द्या, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवा आणि स्विचरमध्ये ल्यूमा की (काळा भाग गाळून उजळ भाग तेवढा ठेवणारी सोय) लावून ती चित्रावर चढवा. आता कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये जातच नाही, अक्षरं तेवढी लॅपटॉपमधून येतात. ती शंभर मिलिसेकंद उशिरा आली तर काही बिघडत नाही. अक्षरांना ओठ नसतात. वेलांट्या-मात्रांच्या कडा तुटक दिसल्या तर कीचा क्लिप आणि गेन थोडा हलवा आणि टाइप जाड घ्या.

मात्र लॅपटॉप इनपुटला लावताना आम्ही एका खड्ड्यात पडलो, तो सांगतो. स्विचरचं व्हिडिओ स्टँडर्ड ऑटोवर असेल तर पहिला जो सोर्स जोडाल त्याचं स्टँडर्ड स्विचर धरतो. त्या दिवशी आम्ही लॅपटॉप आधी जोडला. लॅपटॉप देतो ६०. कॅमेरे होते ५० वर, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि मंडपातल्या ट्यूबलाइट व स्वस्त हॅलोजनखाली ५० वरच लुकलुक कमी राहते. झालं असं की स्विचर ६० वर गेला आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र आत शिरताना बदलून घेऊ लागला. डिले तर आलाच, शिवाय पालखीसारखं आडवं सरकणारं दृश्य झटके देऊ लागलं. तेव्हा स्टँडर्ड हाताने १०८०पी५० (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) करा आणि लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही ५० हर्ट्झ निवडा. बऱ्याच कॅमेऱ्यांत एनटीएससी (५९.९४) की पाल (५०) ही निवड मेनूत खोल दडलेली असते. एक कॅमेरा जरी ५९.९४ वर राहिला तरी तो तुम्हाला छळणार. ५९.९४ आणि ६० यांची गाठ पडली तर दर सोळा-सतरा सेकंदांनी एक फ्रेम घुटमळते. असा ठरावीक अंतराने येणारा झटका दिसला की वायर हलवत बसू नका, आकडे तपासा.

जुन्या लग्नाच्या कॅमकॉर्डरांचीही एक गोष्ट. ते १०८०आय५० देतात. त्या चित्रातल्या एकाआड एक ओळी जुळवायला पुढच्या कुठल्या ना कुठल्या यंत्राला थांबावं लागतं. कॅमेऱ्यात ५०पी आउट असेल तर तेच लावा. कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर असताना बंद ठेवा, काही कॅमेऱ्यांत त्यानेही आउटपुट मागे पडतं. आणि २५पी वर चालवणारे "सिनेमॅटिक दिसतं" म्हणतात. दिसत असेल, पण लाइव्हमध्ये त्यांचा प्रत्येक थांबा दुप्पट महाग पडतो.

आता वॉल. एलईडीवाल्या दादांशी आधी नीट बोला. प्रोसेसर त्यांचा, सेटिंग त्यांचं, आणि ऐन कार्यक्रमात कुणी त्यांच्या रॅकला हात लावलेला त्यांना चालत नाही, ते बरोबरच आहे. दुपारी वॉल रिकामी असताना त्यांच्याकडूनच करून घ्या. बऱ्याच प्रोसेसरमध्ये लो लेटन्सी (कमी डिले) असा पर्याय असतो. तो चालू केला की काही वेळा चित्राची मांडणी बांधीव होते, मोकळेपणाने खिडक्या हलवता येत नाहीत. कीर्तनाला एकच चित्र पूर्ण वॉलभर जातं, त्यामुळे काही अडत नाही. इनपुट एकच ठेवा, पिक्चर-इन-पिक्चर बंद, आणि जमेल तर प्रोसेसरचं आउटपुटही ५० हर्ट्झवर. आमच्या वॉलवर एवढ्याने अंदाजे दीड फ्रेम वाचली.

टीव्हीचं दुखणं वेगळं असतं. घरातला टीव्ही चित्र गुळगुळीत दाखवायला मधल्या फ्रेम स्वतः बनवतो, चित्रातले बारीक दाणे (नॉइज) पुसतो, कडा धारदार करतो. त्याला मागच्या-पुढच्या फ्रेम पाहाव्या लागतात, म्हणजे थांबणं आलं. मेनूत गेम मोड शोधा आणि लावा. तो नसेल तर एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून पीसी करा, काही टीव्हीत एवढ्यावरही ही सगळी कारागिरी बंद होते. त्यानंतर मोशन, स्मूथ, नॉइज असं नाव असलेली प्रत्येक गोष्ट हाताने बंद करा. गेम मोडमध्ये रंग जरा फिके वाटतात, वाटू द्या. मंडपातून संगणकाचा मॉनिटर मिळाला तर मंचासमोर टीव्हीपेक्षा तोच ठेवा.

वायरलेस ट्रान्समीटर वापरत असाल तर त्याचा डिले वेगळा मोजा. स्वस्त वायरलेस चित्र दाबून पाठवतात आणि पलीकडे उलगडतात, त्यात तीन-चार फ्रेम सहज जातात. चित्र न दाबता पाठवणारे महाग संच हे काम एक मिलिसेकंदाच्या आतही करतात. कुस्तीच्या मैदानात फिरत्या कॅमेऱ्याला वायरलेस लागतंच. तिथे माझी पद्धत अशी की फिरता कॅमेरा रिप्लेला आणि गर्दीच्या शॉटला वापरायचा, आणि वॉलवर कुस्ती दाखवताना वायरचा कॅमेरा. आखाड्याच्या कडेला बसलेल्या माणसाला डाव आधी डोळ्यासमोर दिसतो, त्याची नजर चुकवता येत नाही.

कोणी विचारेल, लॅपटॉप काढता येतच नसेल तर? एकाकडे खरोखर तशीच परिस्थिती होती, स्विचर नव्हता, कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारी दोन कॅप्चर कार्डं आणि ओबीएस एवढंच. तिथे जेवढं वाचेल तेवढं वाचवा. कॅप्चर कार्ड यूएसबी ३ च्या पोर्टलाच आहे ना ते पाहा. १०८०पी५० चं न दाबलेलं चित्र सेकंदाला साधारण १.६६ गिगाबिट भरतं आणि यूएसबी २ ची वाट ४८० मेगाबिटची. कार्ड तिथे लागलं की चित्र दाबलं जातं, किंवा फ्रेम गळतात. दोन्ही कार्डं एकाच हबवर नकोत. ओबीएसमध्ये त्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये बफरिंग बंद करा. रंगरूप बदलणारे फिल्टर काढा. चार्जर लावून पॉवर मोड सर्वात वरचा. त्याचा आकडा या सगळ्याने दोनशे ऐंशीवरून एकशे नव्वदवर आला. काम निभावलं, पण पुढच्या कार्यक्रमाला त्याने स्विचर भाड्याने आणला.

आवाजाबद्दल एक हट्ट नेहमी समोर येतो. आयोजक म्हणतात, साउंडवाल्याला सांगून आवाजच थोडा मागे करा, म्हणजे वॉलशी जुळेल. मंडपात हे कधीही करू नका. पुढच्या रांगेला महाराज प्रत्यक्ष दिसतात, त्यांचे ओठ आणि स्पीकरचा आवाज मग जुळणार नाही. मुख्य स्पीकरचा उशिरा आलेला आवाज मंचावर परत पोचतो आणि गाणाऱ्याला गोंधळवतो, ते तर आणखी वाईट. उलट अंतर आपल्या बाजूने आहे, ते वापरा. आवाजाला एक मीटर जायला जवळपास २.९ मिलिसेकंद लागतात. स्पीकरपासून तीस मीटरवर बसलेल्याला आवाज आपसूकच सत्याऐंशीच्या आसपास उशिरा मिळतो. म्हणजे वॉल नव्वदपर्यंत आणली की तीस मीटरवर चित्र आणि आवाज बरोबर जुळतात, आणि वॉल खरी पाहतो तो तिथला माणूस. पुढे आठ मीटरवर आवाज पासष्ट-सत्तरने पुढे राहतो, पण ते लोक वॉलकडे क्वचितच पाहतात. डिले द्यायचा तो युट्यूबच्या आवाजाला. साउंड मिक्सरमधून येणारी वायर लॅपटॉपमध्ये चित्राच्या आधी पोचते. ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये सिंक ऑफसेट मिलिसेकंदात टाका, टाळीचं रेकॉर्डिंग करून पाहा आणि जुळेपर्यंत दहा-दहाने सरकवा.

चित्र मागे पडणं वेगळं आणि मध्येच काळं होणं वेगळं, पण फोनवर लोक दोन्ही एकत्र सांगतात म्हणून दोन ओळी. काळं होत असेल तर आधी कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेली मायक्रो एचडीएमआय पिन पाहा, ती केबलच्या वजनाने सैल होते, तिला क्लॅम्प हवाच. दहा-बारा मीटरच्या पुढे एचडीएमआय ओढू नका, एसडीआय घ्या, त्याची पिन फिरवून अडकते. स्प्लिटरला स्वतःचा ॲडॉप्टर असू द्या. आणि जनरेटरवर असाल तर अर्थिंग तपासल्याशिवाय कॅमेरा, साउंड आणि वॉल एकमेकांना वायरने जोडू नका. तिथे चित्रापेक्षा माणसाचा जीव आणि यंत्रं मोठी.

आम्ही चौथ्या दिवशी दुपारी हे सगळं बदललं. प्रोग्राम आउट थेट वॉलला, अभंग ल्यूमा कीवर, सगळं १०८०पी५०, प्रोसेसर लो लेटन्सीवर. टाळीचं माप २१ फ्रेम आलं, म्हणजे ८८ मिलिसेकंद. मंचासमोरचा टीव्ही गेम मोडवर टाकूनही शंभराच्या खाली येईना. तो मी काढून घेतला आणि ऑफिसमधला एकवीस इंची संगणकाचा मॉनिटर आणून लावला. रात्री मामांनी तो नुसता एकदा पाहिला, मृदंगाची कणिक नीट केली आणि वाजवायला बसले. मॉनिटर काल्यापर्यंत चालू राहिला.